मदत हवी आहे : २६ जानेवारीच्या जोडसुट्टीत नाशिकहून मुंबई

२४ ते २६ जानेवारी, शनि-रवि-सोम. चार मोठे, दोन मुलं. सासूबाईंचे गुडघे दुखरे. जाण्या-येण्याची पंचवटी एक्सप्रेसची तिकिटं कन्फर्म आहेत, मुक्काम दादर पश्चिमेला. आखणी अडलीय ती घारापुरीपाशी (एलिफंटा लेणी).

लेणी सोमवारी बंद. शनिवारी गाडीतून उतरून, सामान ठेवून गेटवेला जाईपर्यंत दुपार होणार, त्यात लाँचला तास जातो. वर चढून अर्ध्या तासात खाली पळायचं तर त्रिमूर्ती बघण्यात अर्थ नाही. उरला रविवार. लोकलचा मेगाब्लॉक (दुरुस्तीसाठी काही गाड्या बंद) साधारण दहा-अकरानंतर सुरू होतो, म्हणून सकाळी आठच्या आत दादर सोडायचं ठरवतोय. परतताना मात्र ब्लॉकमध्ये सापडू. तेव्हा चर्चगेटहून पश्चिम रेल्वे बरी की सरळ टॅक्सी? मध्य आणि पश्चिम दोन्हीकडे एकदम ब्लॉक असला तर?

जेटीवरून छोटी गाडी पायथ्यापर्यंत नेते, पण पुढे शंभरावर पायऱ्या आहेत. सुट्टीच्या गर्दीत डोली मिळते का? भाव जाता-येता मिळून ठरवायचा की एका बाजूचा?

आणखी एक. सोमवारी सकाळी शिवाजी पार्कला संचलन असतं. रस्ते किती वाजेपर्यंत बंद राहतात? सामान घेऊन स्टेशन गाठायचंय. राणीबाग (भायखळ्याचं प्राणिसंग्रहालय) त्या दिवशी उघडी असेल ना?

मॉल कृपया सुचवू नका.