कमी पैशात मी सुखी आहे, बायको नाही. चुकतंय कुठे?

तळवडेकर

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होतो, हा पहिलाच धागा. लांबलाय, सांभाळून घ्या.

वय ४३. चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत सोळा वर्षं क्वालिटीला होतो. गेल्या ऑगस्टमध्ये आमची लाइनच बंद झाली. चौतीस जणांना एका दुपारी पाकिटं मिळाली. हातात ६२ हजार यायचे, मोशीच्या फ्लॅटचा हप्ता २१,४००. चार महिने मुलाखती दिल्या. चाळिशी उलटलेल्या माणसाला सगळे फार नम्रपणे 'कळवतो' म्हणतात. शेवटी फ्लॅट १७ हजारांनी भाड्याने दिला आणि मी, बायको, सातवीतली मुलगी असे तिघं देहूगावात दोन खोल्यांत आलो. भाडं ६,५००. तळवड्यात मित्राचं वर्कशॉप आहे, तिथे जॉब वर्कचा माल तपासतो, २४ हजार मिळतात. बायको साड्यांना फॉल लावते. फॉल हाताने, पिको बाहेरून करून आणते. हिशोब ज्यांना करायचा त्यांनी करा, मी रोज करतोच.

जागा नाही आणि पैसे हवेत, म्हणून बरंच विकलं. गाडी (२ लाख १० हजार, त्यातच हप्ते आणि मुलीची फी निघाली), सोफा, टीव्ही, जेवणाचं टेबल, पलंग, मायक्रोवेव्ह, वॉशिंग मशीन. फ्रिज ठेवला आणि माझी बाजाची पेटी ठेवली. पेटी आजोबांची आहे, काळी दोनची पट्टी जरा कुरकुरते, तिला कोणी हजार रुपयेसुद्धा दिले नसते.

आता खरी गोष्ट. मी सुखात आहे. हे लिहितानाही चोरी केल्यासारखं वाटतंय. पूर्वी सव्वासहाची बस, संध्याकाळी साडेसातला घरी, जेवण, अॅसिडिटीची गोळी, झोप. आता सायकलने वीस मिनिटांत कामावर. पाचला घरी. गोळी बंद होऊन तीन महिने झाले. मुलीच्या मैत्रिणींची नावं मला पहिल्यांदा पाठ झालीत. सातच्या सुमाराला पेटी काढतो, शेजारचे आजोबा टाळ घेऊन येतात, ओट्यावर पाच-सहा माणसं जमतात. सोळा वर्षांत मोशीच्या सोसायटीत मला लिफ्टमधल्या माणसाचं आडनाव माहीत नव्हतं.

परवा अशीच पेटी आवरत होतो. बायको मोरीपाशी चादर पिळत होती. मी म्हटलं, "किती सुखी आहोत ना गं आपण?" तिने चादर झटकली आणि म्हणाली, "तुम्ही आहात."

एवढंच. भांडण नाही, रुसवा नाही. तेव्हापासून पेटी वाजवताना मजा येत नाहीये. मी काय करू?

पावशेर

पेटी विका. (हलके घ्या.)

इंद्रायणीकाठ

अहो, साक्षात देहूत राहताय! तिथे समाधान नाही मिळणार तर कुठे मिळणार? वहिनींना घेऊन एकदा पहाटे भंडारा डोंगरावर जाऊन या. मन आपोआप शांत होईल.

हिशोबनीस

सुखातलं मला कळत नाही, पैशातलं थोडं कळतं. कंपनीचा मेडिक्लेम नोकरीबरोबर गेला असणार. रेशनकार्ड पांढरं असलं तरी महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आता तुमचं कुटुंब बसतं, वर्षाला कुटुंबामागे ५ लाखांपर्यंत. मात्र योजनेतलीच रुग्णालयं आणि यादीतलेच उपचार. जवळचं रुग्णालय कोणतं ते आज शोधून ठेवा, ताप चढल्यावर नको. गाडीच्या पैशातले काही उरले असतील तर त्यातून निदान चार हप्ते बाजूला काढा आणि ते आहेत हे विसरून जा. बँकेला मुदत वाढवून हप्ता कमी करून मागा. व्याज जास्त जाईल, पण आत्ता श्वास हवाय.

आणि हे सगळं वहिनींना माहीत आहे ना? नसेल तर सुरुवात तिथून.

गॅलरीतली

तळवडेकर, तुमचा धागा सकाळी वाचला, दुपारी भांडी घासता घासता परत आठवला, म्हणून लिहायला बसले.

मी ५४ वर्षांची. लालबागच्या चाळीत वाढले, दहा बाय बाराची खोली. बाबा कापडगिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागावर. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा मी पाचवीत होते. अडीच लाखांच्या आसपास कामगार, डॉ. दत्ता सामंत, त्या सभा, यावर पुष्कळ लिहून झालंय. मी आमच्या खोलीतलं सांगते.

बाबांची पाळी बदलती असायची. रात्रपाळीचा आठवडा म्हणजे दिवसभर बाबा झोपलेले आणि आम्ही भावंडं कुजबुजत. संपात ते पहिल्यांदा दिवसाउजेडी जागे दिसले. साच्यांच्या खडखडाटात वर्षानुवर्षं काढल्यामुळे ते घरातही ओरडूनच बोलायचे. संपाच्या तिसऱ्या-चौथ्या महिन्यात त्यांचा आवाज खाली आला. बाबांचा साधा आवाज कसा आहे हे मला वयाच्या अकराव्या वर्षी कळलं! मागावरच्या मोडक्या धोट्याची होडी करून दिली त्यांनी आम्हाला, लाकूड असं गुळगुळीत की पाण्यात टाकायला जीव होईना. संध्याकाळी गॅलरीत भजन, बाबा पखवाजावर. भजन संपलं की हमखास म्हणायचे, "काय कमी आहे आपल्याला?"

आई खानावळ चालवायची. गावाकडचे आठ जण जेवायला. त्यांची बायकामुलं सिंधुदुर्गात, हे इथे एका खोलीत पाळीपाळीने झोपणारे. मोठी पातेली घ्यायला आईने प्रेमाताई पुरव यांच्या अन्नपूर्णा महिला मंडळाकडून बँकेचं कर्ज काढलं होतं. संप लांबला तसे आठातले पाच गावी निघून गेले, उरलेले तिघे उधारीवर. जेवायला आलेल्या माणसाला नाही म्हणणं आईला जमलं नाही आणि बँकेचा हप्ता थांबणारा नव्हता. आधी तांब्याचा बंब तांबाकाट्याला गेला. मग मोठी पातेली. मग मंगळसूत्रातल्या वाट्या. दोरा आणि काळे मणी राहिले. गावाहून एसटीने कुळीथ यायचे, म्हणून आम्ही रोज पिठी-भात. मला पिठी अजून आवडते, माझ्या धाकट्या भावाला वाससुद्धा चालत नाही.

जून लागला तशी आई रोज दुपारी 'उधारी वसूल करायला' बाहेर पडायला लागली. बाबांना त्यात वावगं वाटलं नाही. ती दादरला हिंदू कॉलनीत दोन घरची धुणीभांडी करत होती. मला माहीत होतं, कारण एकदा पोटात दुखतं म्हणून शाळेतून लवकर आले आणि तिच्या मागे मागे गेले होते. बाबांना कळायला दिवाळी उजाडली. कोणी सांगितलं नाही. नरकचतुर्दशीला आई त्यांच्या पाठीला उटणं लावत होती, बाबा एकदम ओरडले, "हात आहे की कानस?" आणि मग वळून हात बघितला.

बाबांनी माफी वगैरे मागितली नाही, त्या पिढीत ते नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून पहाटे नळावर पाण्याच्या रांगेत बाबा उभे राहायला लागले. गॅलरीतल्या पुरुषांनी महिनाभर टर उडवली. पखवाजही परत खुंटीवरून निघाला, पण 'काय कमी आहे' हे वाक्य मी नंतर त्यांच्या तोंडून ऐकलं नाही.

आता तुमची यादी परत वाचा. सोफा, टीव्ही, टेबल, पलंग. बसायच्या-लोळायच्या वस्तू, गेल्या तर दोघांच्या गेल्या. वॉशिंग मशीन मात्र कामं करत होतं. ते दाराबाहेर गेलं तेव्हा ती कामं घरातच राहिली. कोणाकडे, ते तुम्हीच लिहिलंयत: चादर कोण पिळत होतं?

आणि इंद्रायणीकाठ, भंडाऱ्यावर जरूर जावं. पण वर बसलेल्या तुकोबांना डोंगर चढून भाकरी कोण पोचवत होतं? त्यांच्या बायकोला, जिजाईला, आपण कजाग म्हणून मोकळे झालो. घरातलं पीठ संपलंय हे तिला माहीत होतं, एवढाच तिचा कजागपणा.

पावशेर

गॅलरीतली काकू, _/\_. उटण्यापाशी थांबून परत वाचलं.

कोयता

मी बीड जिल्ह्यातला. आमच्याकडे ऊसतोडीला जाणाऱ्या नवरा-बायकोच्या जोडीला 'एक कोयता' म्हणतात. माझे आई-वडील एक कोयता होते. मुकादमाकडून उचल म्हणजे आगाऊ पैसे घ्यायचे, दिवाळीच्या आसपास साखर कारखान्यावर निघायचं आणि उन्हाळ्यात परत. सहा महिन्यांचा संसार एका बैलगाडीत मावायचा: दोन पातेली, तवा, परात, गोधड्या, कंदील, बाजरी, मी. आता पुण्यात लोक मोजक्या वस्तूंत कसं राहावं ते शिकायला पैसे भरतात म्हणे. आम्ही पाचटाच्या कोपीत, म्हणजे उसाच्या वाळक्या पानांच्या झोपडीत, फुकट शिकलो. त्यामुळे 'कमी वस्तू म्हणजे सुख' कोणी म्हणालं की माझं डोकं फिरतं. तळवडेकर तसं म्हणत नाहीयेत, म्हणून शांतपणे लिहितोय.

गॅलरीतली ताई म्हणतात ते खरंच आहे. माझी आई पहाटे तीनला उठायची, भाकरी थापायची, मग वडिलांच्या बरोबरीने फडात, मोळ्या डोक्यावर, परत येऊन पुन्हा चूल. वडील तेवढ्यात बैलांना वाढं टाकून अंग टेकायचे.

पण एक गोष्ट सांगतो, ती कुठे बसवायची ते मला अजून कळलेलं नाही. माझी आई कोपीत हसायची. शेजारच्या कोपीतल्या बाईबरोबर चुलीपाशी बसून खिदळायची. गावातल्या पक्क्या घरात ती तशी हसलेली मी पाहिली नाही. कारण गावात सासू होती! कष्ट फडावर दसपट, तरी हसू तिथेच.

म्हणून म्हणतो, वहिनींना काय सलतंय ते आपण इथे बसून ठरवायला नको. वॉशिंग मशीन असेल, नसेलही. मोशीत कोणी सुटलं असेल. तुम्ही विचारलंत का? तुम्ही त्यांना उत्तर सांगून 'ना गं' म्हणालात, तो प्रश्न नव्हता.

तळवडेकर

सगळ्यांचे आभार. चार दिवस लिहिलं नाही, कारण लिहिण्यासारखं काही हातात नव्हतं.

गॅलरीतली ताईंचा प्रतिसाद वाचला आणि त्याच संध्याकाळी बादली घेऊन मोरीत बसलो. बायको दारात उभी राहून बघत होती. "काय झालं?" म्हणाली. मी म्हटलं, "मशीन विकायला नको होतं." तर म्हणते, "मशीनचं काही नाही हो. मशीन गेलं ते मला दिसलं तरी."

मग कोयता म्हणाले तसं केलं. विचारलं आणि गप्प बसलो. गप्प बसणं फार अवघड गेलं. बऱ्याच वेळाने ती भिशीचं बोलली.

मोशीत बारा जणींची भिशी होती, महिना हजार. दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी एकीच्या घरी चहा-पोहे आणि चिठ्ठी. जानेवारीत हिचा नंबर होता, बारा हजार मिळणार होते, त्यातून ती पिको मशीन घेणार होती. बाहेर पिको करून आणायला साडीमागे जे जातं ते घरात राहिलं असतं. ऑक्टोबरात मी घरखर्चाचे पैसे कमी केले, तेव्हा तिने आपली जागा दुसरीला दिली. भरलेले सात हजार परत घेतले आणि ते गॅस, किराणा, मुलीची सहल यात गेले. मला वाटत होतं, मी किती काटकसरीने घर चालवतोय. महिनाअखेर पुरत होतं ना! सात महिने मी दिवसभर मायक्रॉनमध्ये मापं घेतोय आणि घरातले सात हजार कुठून आले ते मला दिसलं नाही.

पैशांपेक्षा शुक्रवार जास्त लागलाय, असंही म्हणाली. इथे ओट्यावर माझी माणसं जमतात, तिची नाहीत. पेटी सुरू झाली की सहा जणांचा चहा कोण ठेवतं, हेही मी धाग्यात लिहिलं नव्हतं. आत्ता लिहिताना लक्षात आलं.

हिशोबनीस, वही आता दोघांत एक आहे. बँकेत सोमवारी जातोय. इंद्रायणीकाठ, भंडाऱ्यावर जाऊन आलो, भाकरी मीच बांधून घेतली होती. जाड झाली आणि कडा करपल्या. मुलीने फोटो काढून आजीला पाठवला.

या शुक्रवारी बायको मोशीला गेली होती. भिशीत नाही, नुसती पोह्यांना. रात्री आली ती कोणाच्या सुनेचं काय काय सांगत होती, मला निम्म्या बायका ओळखू आल्या नाहीत.

आता दोन प्रश्न. पिंपरी-चिंचवड भागात जुनं पण चालू पिको मशीन कोणाच्या पाहण्यात आहे का? एकरकमी जमणार नाही, तीन-चार हप्त्यांत देईन. आणि दुसरा: शर्टाची कॉलर बोटं न सोलता कशी घासतात? बुधवार आणि रविवारचं धुणं आता माझ्याकडे आहे.

गॅलरीतली

मशीनचं विचारून सांगते, माझ्या नणंदेच्या ओळखीत एक जण शिवणाची मशिनं दुरुस्त करतात. निरोप बघा. फॉल लावायचे दर वहिनींनी वाढवलेत का, तेही विचारा. हाताच्या कामाचं मोल बायकाच कमी लावतात.

पावशेर

कॉलरला आधी साबण लावून पंधरा मिनिटं तशीच ठेवा, मग जुन्या टूथब्रशने घासा. दगडावर आपटू नका, बटणं जातात, आणि ती लावायचं कामही मग तुमच्याकडेच येईल.

पेटीबद्दलचं मत मागे घेतो. चहा मात्र आजोबांना करू दे.