भिडूने ‘एक इस्पिक’ म्हटल्यावर मी काय बोलावं? (ब्रिज – मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

कॉन्ट्रॅक्ट ब्रिज खेळणाऱ्यांकडून मदत हवी आहे. गाडं एकाच जागी अडतंय. भिडूने बोली उघडली, मधल्याने पास म्हटलं, आता माझी पाळी. इथे माझं आणि माझ्या भिडूचं एकमत होत नाही, आणि दोघांकडेही कारणं आहेत.

आमचा डाव बेळगावात, शहापूरला आमच्या घरी बसतो. भिडू म्हणजे माझे सख्खे मामा. लष्करातून निवृत्त झालेत, ब्रिज मेसमध्येच शिकले. समोर हिंदवाडीचं एक डॉक्टर जोडपं असतं. त्यांच्या घरी कानडी, आमच्याकडे आल्यावर मराठी, आणि चहाच्या वेळी दोन्ही. मी स्वतः मेंढीकोट आणि तीनशेचार खेळत मोठी झाले. २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत प्रणव बर्धन आणि शिबनाथ सरकार या जोडीने ब्रिजमध्ये सुवर्ण मिळवलं, तेव्हा हा खेळ शिकायचाच असं ठरवलं आणि ब्रिज बेस ऑनलाइनवर खेळत खेळत शिकले. आमच्या भागात पत्ते म्हटलं की लोकांना गणपतीच्या मांडवामागचा पैशाचा डावच आठवतो, म्हणून हा खेळ घरात नीट, नियमाने रुजावा अशी माझी मनापासून इच्छा आहे.

गुण आम्ही सगळे नेहमीसारखेच मोजतो: एक्का ४, राजा ३, राणी २, गुलाम १, एकूण ४०. दोघांचे मिळून २५-२६ झाले की इस्पिक-बदामात चारची किंवा नो-ट्रम्पमध्ये (बिनहुकुमी) तीनची गेम, म्हणजे जादा बक्षिसाची बोली, बोलावी, इथपर्यंत वाद नाही. वाद खालच्या पानांवर आहे.

पहिला डाव. मामांनी एक बदाम म्हटलं. माझी पानं:
इस्पिक ७, ३
बदाम राणी, ८, ६
चौकट राजा, गुलाम, ९, ५, ४
किलवर १०, ८, २
सहा गुण. मी दोन बदाम म्हटलं. मामांच्या मते एक नो-ट्रम्प म्हणायला हवं होतं.

दुसरा डाव. मामांनी एक इस्पिक म्हटलं. माझी पानं:
इस्पिक राजा, ७, ४
बदाम एक्का, ९
चौकट राणी, गुलाम, ८, ६, ३
किलवर ९, ६, २
दहा गुण. मी उडी मारून तीन इस्पिक म्हटलं, मामांनी चार केलं आणि डाव बुडाला. मामा म्हणतात, “आधी दोन चौकट सांगायचं. घाई कशाला?” माझं म्हणणं असं की हुकूम जुळलाय हे कळल्यावर ते लपवायचं कशाला?

तिसऱ्या डावात त्यांची बोली एक किलवर होती. माझ्याकडे इस्पिक राजा, ९, ७, ३ आणि बदाम राणी, गुलाम, ६, २, बाकी चौकट ८, ५ आणि किलवर ७, ४, २. चार-चार पानांचे दोन मोठे रंग असताना आधी कुठला सांगायचा?

आणि चौथा. एक बदाम या बोलीवर माझ्याकडे बदाम राजा, १०, ९, ६, ३, चौकट ९, ८, ६, ४, २, इस्पिक फक्त ५, किलवर ७, ३. तीन गुण. मी पास म्हटलं, कारण सहाच्या खाली पास असं शिकले होते. मामा काही बोलले नाहीत, पण समोरच्यांनी इस्पिकात गेम बोलून ती केली.

यात कुणाचं बरोबर हे मला नकोय. भिडूच्या बोलीवर उत्तर देताना विचार कुठून सुरू करायचा, ते कुणी समजावून सांगेल का?

प्रतिसाद – इस्पिकराणी

पानं नीट लिहिलीत, त्यामुळे सांगणं सोपं जाईल. त्याआधी एक विचारते. पहिल्या आणि दुसऱ्या डावात मामांकडे बोललेल्या रंगाची किती पानं होती?

धागाकर्ती

दोन्ही वेळा चार. डॉक्टरांनी डाव संपल्यावर चारही हात उलगडून लिहून ठेवले होते, त्यात पाहिलं. ऑनलाइन खेळताना एक बदाम किंवा एक इस्पिक म्हणजे भिडूकडे किमान पाच पानं असं मी शिकले आहे.

प्रतिसाद – इस्पिकराणी

मग तुमचा वाद उत्तराचा नाही, प्रश्नाचाच आहे. मामा बहुधा ॲकॉल खेळतात. १९३० च्या दशकात लंडनमध्ये तयार झालेली ही पद्धत, तिथल्या ॲकॉल रोडवरून नाव पडलं. आपल्याकडे ज्यांनी ब्रिज इंग्रजी पुस्तकांतून किंवा मेसमध्ये शिकला, त्यांच्यात ती आढळते. तीत बदाम-इस्पिक चार पानांवर उघडतात आणि एक नो-ट्रम्पला १२ ते १४ गुण लागतात. तुम्ही शिकलात त्या अमेरिकन धर्तीच्या पद्धतीत मोठे रंग पाच पानांवर आणि एक नो-ट्रम्प १५ ते १७ वर. मामांना एकदा विचारा, “बिनहुकुमी एक म्हणायला तुम्हाला किती गुण लागतात?” उत्तर १२ ते १४ आलं तर उलगडा झालाच.

आता तुमची तीन पानं बघा. भिडूकडे पाच असतील तर मिळून आठ. विरोधकांकडे पाच उरतात आणि ती तीन-दोन अशी वाटली जाण्याची शक्यता ६८ टक्के. हुकूम काढून झाल्यावरही तुमच्याकडे दोन उरतात. भिडूकडे चारच असतील तर मिळून सात. विरोधकांकडे सहा, आणि ती तीन-तीन फक्त ३६ टक्के वेळा पडतात. चार-दोन ४८ टक्के. म्हणजे बऱ्याचदा एका विरोधकाकडे तुमच्या भिडूइतकेच हुकूम असतात आणि डाव हातातून निसटतो. तुमचे चार इस्पिक असेच बुडाले असणार.

म्हणून पहिल्या पानांवर पाच-पानी पद्धतीत दोन बदाम, दुसरा विचारच नको. चार-पानी पद्धतीत मामांचं एक नो-ट्रम्प रास्त आहे. इस्पिकाची दोनच पानं असल्याने तिथेही दोन बदाम म्हणणारे ॲकॉलवाले भेटतील, पण मामांचं चुकलं असं म्हणता येणार नाही.

दोन चौकट मात्र कुठल्याच पद्धतीत नाही. दोनच्या पायरीवर नवा रंग सांगायला साधारण दहा गुण हवेत. पाच चौकटींचा मोह होतो खरा, पण सहा गुणांवर तो रंग सांगितलात तर भिडू तुमच्याकडे नसलेल्या ताकदीवर पुढे जाईल.

प्रतिसाद – निपाणीचा पाहुणा

वरच्या प्रतिसादाला पूर्ण अनुमोदन. धागाकर्तीने विचार कुठून सुरू करायचा असं विचारलंय, त्यावर थोडं लिहितो, कारण नवीन मंडळी इथेच गडबडतात.

उत्तरांच्या दोन जाती आहेत. एक जात भिडूचाच रंग वाढवण्याची किंवा नो-ट्रम्प म्हणण्याची. यात तुम्ही तुमची ताकद जवळजवळ नेमकी सांगून टाकता: दोन बदाम म्हणजे ६ ते ९, तीन बदाम म्हणजे १० ते १२. आता हिशोब भिडूच्या हातात. त्याच्याकडे किमान असेल तर तो पास म्हणून थांबू शकतो, आणि तसं थांबायची त्याला पूर्ण मुभा आहे.

दुसरी जात नव्या रंगाची. इथे तुम्ही वरची मर्यादा सांगतच नाही. एक किलवरवर ‘एक बदाम’ म्हणणाऱ्याकडे सहा गुण असतील किंवा सोळा. त्यामुळे भिडूला पास म्हणता येत नाही, त्याला आणखी एकदा बोलावंच लागतं. (उत्तर देणारा आधीच एकदा पास म्हणून गेला असेल तर हे बंधन नाही, कारण त्याच्याकडे उघडण्याइतकं नाही हे कळलेलं असतं.)

म्हणून माझ्या मनात पहिला प्रश्न असा येतो: मला एका बोलीत सगळं सांगता येतंय का? येत असेल तर सांगून मोकळं व्हावं. हुकूम जुळलाय आणि ताकद ठरलेली आहे, मग आपला लांब रंग मिरवायचं कारण नाही. येत नसेल, तर नवा रंग सांगून भिडूकडून आणखी माहिती घ्यावी.

दुसरा डाव नेमका या दोन्हींच्या मधे पडतो, म्हणून तुम्ही अडलात. दहा गुण, बदामाची दोनच पानं म्हणून डमी (पानं उघडी मांडणारा भिडू) झाल्यावर एक जादा, असे अकरा. मोठा रंग पाच पानांवर उघडत असाल तर तीन इस्पिक ही सरळ बोली आहे: जुळतंय, १० ते १२, तुमच्याकडे थोडं जास्त असेल तर चार करा. काही जोड्या ही उडी चार पानांच्या आधारासाठी राखून ठेवतात आणि तीन पानं असतील तर मामांसारखं आधी दोन चौकट, मग इस्पिकाला आधार, असं जातात. ज्या जोड्यांत दोनच्या पायरीवरचा नवा रंग म्हणजे गेमपर्यंत जायचंच असा करार असतो, तिथे अकरा गुणांवर दोन चौकट चालत नाही. ते एक नो-ट्रम्प म्हणतात, त्यावर भिडूला पास करता येत नाही, आणि पुढच्या फेरीत तीन इस्पिक सांगतात.

तीनही मार्ग जगभर खेळले जातात. दोन भिडू एकाच वेळी दोन वेगळ्या मार्गांनी गेले की मात्र डाव जातो.

प्रतिसाद – इस्पिकराणी

उरलेले दोन डाव.

तिसऱ्यात एक बदाम. चार-चार असतील तर खालचा रंग आधी. भिडूकडे चार इस्पिकं असतील तर तो स्वतः एक इस्पिक म्हणेल आणि जुळणी सापडेल. तुम्ही आधी इस्पिक सांगितलंत आणि त्याच्याकडे चार बदाम असले, तर ते सांगायला त्याला दोनच्या पायरीवर जावं लागेल. पाच-पाच असतील तर उलट: वरचा रंग आधी.

चौथ्यात चार बदाम! थेट. तुम्हाला शिकवलेलं ‘सहाच्या खाली पास’ जुळणी नसताना लागू पडतं. इथे तुमच्याकडे पाच हुकूम, इस्पिकाचं एकच पान आणि भिडूचे पाच धरले तर दहा हुकूम. फ्रान्सच्या ज्याँ-रने व्हेर्न यांनी मांडलेल्या एकूण हातांच्या (हात म्हणजे जिंकलेली फेरी) नियमाचा व्यवहारातला अर्थ असा, की दोघांचे मिळून जितके हुकूम तितक्या हातांच्या पायरीपर्यंत बिनधास्त जावं. दहा हुकूम, दहा हात, म्हणजे सहा अधिक चार, चारची बोली. कधी डाव होतो. बुडाला तरी बहुतेक वेळा विरोधकांच्या गेमपेक्षा स्वस्तात सुटतो. आणि मुख्य म्हणजे इस्पिकवाल्यांना आपसात बोलायला जागाच उरत नाही. मामांकडे चारच बदाम असते तरी नऊ हुकूम होतात, मी तरीही चार म्हटलं असतं.

यात एक अट मात्र आहे. एक बदाम, चार बदाम ही उडी दुबळी, हे भिडूला माहीत हवं. १३ च्या पुढचे गुण आणि चार पानांचा आधार असताना अशी उडी मारू नका, नाहीतर भिडू स्लॅमच्या (बारा-तेरा हातांच्या) पानांवर पास म्हणून बसेल. त्या पानांसाठी जॅकोबी दोन नो-ट्रम्पसारखी वेगळी बोली ठरवा.

धागाकर्ती

दोघांचेही खूप आभार. काल संध्याकाळी पावसाने वीज गेली होती, तेव्हा मेणबत्ती लावून मामांना हा धागा वाचून दाखवला. नो-ट्रम्प १२ ते १४, मोठे रंग चार पानांवर. अगदी तुम्ही म्हणालात तसं. मामा म्हणाले, “मग हे आधी विचारायचं नाही का बाळा?” आता ते पाच पानांवर उघडायला तयार आहेत, पण त्यांचा एक प्रश्न आहे: इस्पिक चार, बदाम चार, चौकट तीन, किलवर दोन आणि १३ गुण असतील तर उघडायचं कशावर?

प्रतिसाद – निपाणीचा पाहुणा

एक चौकट. पाच-पानी पद्धतीत छोटा रंग (चौकट-किलवर) कधी कधी तीनच पानांवर उघडावा लागतो, आणि नेमक्या याच पानांत चौकट तीनवर येते. इतर बहुतेक वेळा तीन पानांचा रंग किलवर असतो. म्हणून तुम्ही एक किलवरला चार पानांवर आधार देऊ नका, पाच असू द्या, आणि त्याआधी चार पानांचा मोठा रंग असेल तर तोच सांगा.

पद्धत बदलताय तर नो-ट्रम्पही १५ ते १७ करा. एक अर्धं नवं आणि एक अर्धं जुनं ठेवलं, तर १५ गुणांची सपाट पानं आणि पाच-पानी मोठा रंग नाही, अशा वेळी मामा पुन्हा अडतील. आणि हे सगळं एका कागदावर लिहून डॉक्टरांपुढे ठेवा. तुमच्या बोलीचा अर्थ विचारायचा हक्क विरोधकांना आहे, ब्रिजमध्ये भिडूंचे करार गुप्त नसतात. बोलीचा सूरही एकसारखा ठेवा. दोन बदाम हळू आवाजात आणि तीन बदाम ठणकावून असं झालं तर ती खूण ठरते.

धागाकर्ती

कागद तयार केला. एका बाजूला उघडायच्या बोली, मागे उत्तरं. डॉक्टरीणबाईंनी स्वतःहून त्यांचाही करून आणला, आणि त्यांच्यात एक नो-ट्रम्पवर दोन किलवर म्हणजे स्टेमन, मोठ्या रंगाची चार पानं आहेत का अशी विचारणा, हे आम्हाला तेव्हा कळलं. आम्ही ते अजून घेतलेलं नाही. १५ ते १७ च्या नो-ट्रम्पवर किती गुणांपासून स्टेमन विचारावं, आणि पाच पानांचा मोठा रंग असेल तेव्हा ट्रान्स्फर (खालचा रंग बोलून भिडूकडून आपला रंग वदवून घेणं) बरं की स्टेमन, यावर कुणी लिहिलं तर पुढच्या बैठकीआधी मामांना वाचून दाखवेन.

प्रतिसाद – इस्पिकराणी

स्टेमन साधारण आठ गुणांपासून, चार पानांचा मोठा रंग असेल तर. पाच पानं असतील तर ट्रान्स्फर, आणि तिथे गुणांची अट नाही. शून्य गुणांवरही दोन चौकट म्हणून भिडूला दोन बदामात न्या आणि पास म्हणा. ताकदीची पानं त्याच्याकडे झाकलेली राहतात आणि पहिली उतारी त्यांच्या अंगावर न येता त्यांच्याकडे चालत येते. यातले खाचखळगे बरेच आहेत, नवा धागा काढा, मी चार-पाच हात लिहून टाकते.