केळीबागेचा व्हिडिओ कमी रेंजवर पाहायचा तर 720 की 360?

केळीवाला, रावेर
आमच्या गटातला वाद इथे आणतोय. मी केळीबागांचे व्हिडिओ काढतो: करपा रोगाची ओळख, थंडीतला चरका, घडाची निगा. परवा एका दादांचा फोन आला, "भाऊ, पान दिसतच नाही, नुसत्या हिरव्या चौकटी दिसतात." ते शिवारात उभे होते, टॉवरची एकच कांडी.

तेव्हापासून माझं मत पक्कं झालंय. शिवारात पाहायचा व्हिडिओ 360 मध्येच, म्हणजे 360 ठिपके उंचीच्या चित्रातच बनवावा. 720 च्या एका फ्रेममध्ये 9,21,600 ठिपके असतात, 360 मध्ये 2,30,400, म्हणजे बरोबर चौथा हिस्सा. सेकंदाला 300 किलोबिटच मिळणार असतील तर ते थोड्या ठिपक्यांवर नीट बसवलेले बरे. बिट कमी पडले की एन्कोडर, म्हणजे व्हिडिओ पिळून लहान करणारा प्रोग्रॅम, बारकावे टाकून देतो आणि मागे ठोकळे उरतात. डेटाचाही हिशेब बघा: 300 किलोबिटने दहा मिनिटं म्हणजे साडेबावीस एमबी, एक मेगाबिटने 75.

आणखी एक. केळीबाग म्हणजे कॉम्प्रेशनचा, फाइल पिळून लहान करण्याचा वैरी. मागच्या फ्रेममधलं चित्र पुढच्या फ्रेमसाठी उचलायचं आणि फक्त फरक साठवायचा, यावर व्हिडिओचं बरंचसं कॉम्प्रेशन उभं आहे. वाऱ्यात प्रत्येक पान वेगळीकडे हलतं, मग उचलणार काय? म्हणून मी आता सकाळी वारा पडलेला असताना ट्रायपॉडवर शूट करतो, तेही सेकंदाला 30 ऐवजी 15 फ्रेम.

कोडेकप्रेमी, जळगाव
दादा, शूटिंगचं पटलं, 360 चं नाही. स्वतः लहान कशाला करता? यूट्यूबवर मूळ चांगली फाइल चढवा. तिथे एकाच फाइलच्या 144 पासून वरच्या आवृत्त्या तयार होतात आणि नेटच्या वेगाप्रमाणे प्लेअर मधल्यामध्ये आवृत्ती बदलतो. तुम्ही आधीच पिळून दिलंत तर तिथे ते पुन्हा पिळलं जातं. चरकातून दोनदा काढलेल्या उसाचा चोथाच उरतो. शिवाय एच.264 हा नेहमीचा कोडेक, म्हणजे व्हिडिओ पिळायची आणि उलगडायची पद्धत, हे 2003 चं मानक आहे. 2018 मध्ये आलेलं एव्ही1 तेवढ्याच बिटमध्ये बरंच स्वच्छ चित्र देतं.

केळीवाला, रावेर
आमच्याकडे व्हिडिओ फिरतो तो व्हॉट्सॲपच्या गटावर, एकाकडून दुसऱ्याकडे. तिथे आपोआप बदलणारी आवृत्ती नसते. आणि जुन्या फोनच्या चिपमध्ये एव्ही1 उलगडायची सोय नसते, सगळा भार प्रोसेसरवर येतो, फोन तापतो, बॅटरी उतरते. शेतात चार्जर कुठून आणायचा? एच.264 सगळ्यांकडे चालतं.

कृषीसेवा, यावल
मला दोघांचंही पटत नाही, कारण तुम्ही पान विसरलात. करप्याची सुरुवात कशी होते? शिरांना समांतर बारीक, फिकट पिवळसर रेघा. तपकिरी ठिपका नंतर येतो, आणि तोपर्यंत रोग पसरलेला असतो. सुरुवातीची रेघ हिरव्यावर पिवळी, म्हणजे उजेडापेक्षा रंगाचाच फरक जास्त. नेहमीच्या व्हिडिओत रंगाची माहिती आडवी निम्मी आणि उभी निम्मी करून ठेवतात, कारण डोळ्याला उजेडातला फरक जास्त कळतो. तुमच्या 640 गुणिले 360 च्या व्हिडिओत रंग उरतो फक्त 320 गुणिले 180 मध्ये. मग ती रेघ शेजारच्या हिरव्यात विरघळून जाते. शेतकऱ्याला पान निरोगी दिसेल आणि फवारणी लांबेल. धूसर व्हिडिओपेक्षा ही चूक महाग आहे. थांबत थांबत चालला तरी चालेल, पण 720 हवा.

कोडेकप्रेमी, जळगाव
मग एआयने चित्र मोठं करणारं ॲप वापरता येईल ना?

कृषीसेवा, यावल
रोगासाठी मुळीच नको. जे बारकावे फाइलमध्ये नाहीत, ते ॲप अंदाजाने भरतं. लग्नाच्या व्हिडिओला ठीक. इथे नसलेला ठिपका उमटेल किंवा असलेला पुसला जाईल, आणि त्यावर कुणी औषधाचे पैसे घालेल.

गुरुजी, धडगाव
तुमचे 300 किलोबिट आमच्या पाड्यावर चैन आहे. इथे आवाज तुटला की सगळं संपलं. चित्र दोन सेकंद अडकलं तरी माणूस ऐकत राहतो, बोलणं अडकलं की फोन खिशात जातो. ओपस या आवाजाच्या कोडेकमध्ये सेकंदाला 24 किलोबिटला बोलणं स्वच्छ ऐकू येतं, दहा मिनिटांचं 1.8 एमबी. मी मुलांना आवाज आणि पाच-सहा फोटो पाठवतो, मोठे व्हिडिओ मेमरी कार्डावर भरून देतो. आधी आवाजाचे बिट बाजूला काढा, उरतील ते चित्राला द्या.

धुळेकर
मन्हं एकच म्हननं शे, आधी टॉवर मागा! व्हिडिओ किती पिळायचा?

केळीवाला, रावेर
टॉवरसाठी अर्ज करूच भो, पण करपा तोवर थांबत नाही.

यावलच्या दादांनी रंगाचं सांगितलं ते मला लागलं. मी तपासलं, जुन्या व्हिडिओत रेघा खरंच गायब आहेत. तरी 360 सोडत नाही. उपाय असा: पान कॅमेऱ्याच्या अगदी जवळ आणायचं, म्हणजे एकेक रेघ भरपूर ठिपके व्यापेल आणि निम्म्या रंगातही टिकेल. मग ते दृश्य चार-पाच सेकंद अजिबात न हलवता धरायचं. स्थिर चित्राला पुढच्या फ्रेममध्ये जवळजवळ खर्च नसतो, वाचलेले बिट एन्कोडर त्याच पानावर लावू शकतो. फक्त बिटरेट, म्हणजे सेकंदाला किती बिट खर्चायचे ते, एन्कोडरला दोन फेऱ्यांत ठरवायला सांगायचं, म्हणजे कुठे सढळ व्हायचं ते त्याला पहिल्या फेरीतच कळतं. सोबत पानाचा एक फोटो वेगळा, डॉक्युमेंट म्हणून पाठवायचा, म्हणजे तो वाटेत पिळला जाणार नाही. गुरुजींचा आवाजाचा हिस्साही आधी बाजूला काढतो.

कृषीसेवा, यावल
फोटो वेगळा, हे मान्य. व्हिडिओबद्दल अजून शंका आहे. रोगट पान आणि निरोगी पान, दोन्ही तसेच शूट करा आणि कुठलं कुठलं ते न सांगता गटावर टाका. मी शिवारात उभा राहून, साध्या फोनवर ओळखून दाखवतो. चुकलो तर 720 च.

केळीवाला, रावेर
रविवारी सकाळी टाकतो.