सेबेन, अतालाकू, मबांगा : काँगोच्या गाण्यांतल्या या शब्दांना मराठीत काय म्हणावं?

धागाकर्ती :

बरेच दिवस हा धागा काढीन काढीन म्हणत होते, आज बसलेच. गेली सहा-सात वर्षं मी काँगोची गाणी ऐकतेय, म्हणजे किन्शासा आणि नदीपलीकडचं ब्राझाव्हिल या दोन शहरांतलं संगीत, जुने वेंडो कोलोसोय, ग्रां काले, फ्रँको, ताबू ले इथपासून ते पापा वेंबा, कोफी ओलोमिदे आणि आत्ताचे फाली इपुपा, फेरे गोला इथपर्यंत. सुरुवात कशी झाली तर आमच्या सोसायटीत किन्शासाचा एक विद्यार्थी भाड्याने राहायचा (पुण्यात आफ्रिकेतली बरीच मुलं शिकायला असतात), रविवारी सकाळी त्याच्या खिडकीतून गिटार ऐकू यायची आणि माझी पोळ्या लाटायची लय आपोआप बदलायची. शेवटी एकदा दार वाजवून विचारलंच की बाबा रे हे काय आहे. त्याने आत बोलावलं, चहा केला आणि तीन तास गाणी ऐकवली.

तर आता आम्ही दहा-बारा जण मिळून घरगुती श्रवणसत्र करतोय आणि या गाण्यांची मराठीत ओळख मला करून द्यायची आहे. लिहायला बसले आणि पहिल्याच वाक्याला अडले, कारण सगळं ज्याच्याभोवती फिरतं त्या सेबेनला मराठी शब्दच सापडेना.

सेबेन म्हणजे काय ते सांगते. काँगोली रुंबातलं (म्हणजे याच संगीतातलं) गाणं बहुतेक वेळा दोन भागांत असतं. आधी संथ, गोड, दोन-तीन गळ्यांनी मिळून गायलेला भाग, त्यात प्रेम, विरह, तक्रार, जे काय असेल ते. मग एका क्षणी ड्रमवाला ठेका बदलतो, गायक मागे सरतात आणि गिटारी गाणं हातात घेतात. एक छोटासा स्वरांचा तुकडा, तोच पुन्हा पुन्हा, पण दर वेळी जरासा सरकलेला, आणि पाच-सहा मिनिटं लोक नाचतच राहतात. हा दुसरा भाग म्हणजे सेबेन. शब्दाच्या उगमाबद्दल सगळ्यात जास्त ऐकू येणारी गोष्ट अशी की बंदरात कामाला आलेले पश्चिम आफ्रिकेचे इंग्रजी बोलणारे लोक गिटारवर सेव्हन्थ कॉर्ड वाजवायचे, 'सेव्हन, सेव्हन' म्हणायचे, त्याचं झालं सेबेन. १९४८ च्या 'मारी-लुईझ' या गाण्यात वेंडोबरोबर आँरी बोवाने गिटारवर आहे, सेबेन रुजवण्याचं श्रेय पुष्कळ जण त्याला देतात.

द्रुत, जलद भाग, वाद्यतुकडा वगैरे सगळं लिहून बघितलं पण एकात जीव नाही. सुचवा कृपया.

टाळकरी :

ताई, मी गाणी ऐकलेली नाहीत पण तुमचं वर्णन वाचून मला लगेच गजर आठवला. आमच्या भजनात अभंग ठाय लयीत चालतो, शेवटचं चरण झालं की बुवा 'विठ्ठल विठ्ठल' धरतात, पखवाज चढतो, बसलेली माणसं उभी राहतात, पावल्या सुरू होतात आणि मग घड्याळाकडे कोणी बघत नाही. संथातून जलद, ऐकण्यातून नाचण्यात, अगदी हेच तुम्ही म्हणताय ना?

धागाकर्ती :

काका, अंगावर काटा आला वाचून. हो, हेच! फक्त एक अडचण आहे, गजरात शब्द कमी झाले तरी तोंडात नाम असतंच, गजर हा गळ्याचाच. सेबेनमध्ये गळा बाजूला होतो आणि गिटार बोलते.

व्याकरणप्रेमी :

मग लग्गी का नको? ठुमरीच्या शेवटी गायिका मुखड्याची ओळ धरून ठेवते आणि तबलजी दुपटीत लग्गी लावतो, गाणं वाद्याच्या हातात जातं. बैठकीच्या लावणीतही ढोलकी अशीच मोकळी सुटते.

धागाकर्ती :

लग्गी जवळची आहे खरी, म्हणजे सूत्रं वाद्याकडे देण्याची गोष्ट तिच्यात बरोबर येते. पण लग्गी मिनिट-दोन मिनिटांत संपते, परत मूळ लयीत येऊन गाणं मिटतं. सेबेन परत येत नाही! तो शेवटपर्यंत जातो, रेकॉर्डवर आवाज हळूहळू बारीक करून संपवावा लागतो इतका तो थांबायला तयार नसतो. आणि लग्गीला कोणी उठून नाचत नाही.

म्हणजे गजराचं अंग आणि लग्गीची सूत्रं. दोन्ही मिळून एक शब्द मराठीत नाही असं आता वाटायला लागलंय.

माजी किन्शासाकर :

उशिरा आलो धाग्यावर. औषधांच्या धंद्यात तीन वर्षं किन्शासात होतो, मातोंगे भागात संध्याकाळी जायचो. मातोंगे म्हणजे गाण्याचीच वस्ती. तिथल्या छोट्या बारला न्गांदा म्हणतात, प्लास्टिकच्या खुर्च्या रस्त्यापर्यंत मांडलेल्या, टेबलावर बिअरच्या मोठ्या बाटल्या, आणि स्पीकर आपल्या मंडपातल्यासारखे. गाण्याचा पहिला भाग चालू असताना लोक गप्पा मारतात, भांडतात, मासा खातात. सेबेनच्या आधी ड्रमची एक छोटी खूण येते आणि काय सांगू, वाक्य अर्धं टाकून माणसं उठतात. पहिल्यांदा मला वाटलं काहीतरी झालं की काय.

तुम्ही अतालाकू शीर्षकात घेतलाय पण त्याबद्दल लिहिलं नाही. सेबेन खरा पेटवतो तो हा माणूस. अतालाकू हा किकोंगो भाषेतला शब्द, अर्थ 'इकडे बघ'. झाइको लांगा लांगा या बँडने १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला लोकगीतं गाणाऱ्या मंडळींमधून असे आरोळ्या देणारे गडी बँडमध्ये आणले, ते 'अतालाकू' असं ओरडायचे म्हणून त्या कामालाच ते नाव पडलं. मग प्रत्येक बँडला अतालाकू लागायला लागला. तो कडवी गात नाही. नाच सांगतो, गिटारवाल्याचं नाव घेऊन चढवतो, आणि हातात मराकस, म्हणजे खुळखुळा असतो. एका बँडचा मराकस मी हातात घेऊन बघितलाय, कीटकनाशकाच्या फवाऱ्याचा रिकामा पत्र्याचा डबा, त्याला बारीक भोकं पाडलेली आणि आत काहीतरी खुळखुळणारं. पत्रा असल्यामुळे आवाज असा धारदार येतो की तीन गिटारींमधूनही कापत जातो.

टाळकरी :

म्हणजे आमचा झीलकरी का?

माजी किन्शासाकर :

नाही हो काका, झीलकरी शाहिराच्या मागे असतो, त्याची ओळ उचलून 'जी जी रं जी' करतो. अतालाकू पुढे असतो, तोच हुकूम देतो आणि बाकी सगळे त्याच्यामागे. मला विचाराल तर भालदार-चोपदार जसे ललकारी देतात तसं काहीतरी. 'ललकाऱ्या' शब्द चालेल का?

धागाकर्ती :

ललकाऱ्या मला फार आवडला! मूळ शब्द एकदा देऊन पुढे कंसात 'ललकाऱ्या' असं लिहीन. आता मबांगाबद्दल पण तुम्हीच सांगा, तुम्ही डोळ्यांनी बघितलंय.

माजी किन्शासाकर :

लिंगाला या तिथल्या भाषेत लिबांगा (मबांगाचं एकवचन) म्हणजे दगड आणि 'लिबांगा फेकणं' म्हणजे गाण्यात मध्येच एखाद्याचं नाव घेणं. व्यापारी, पुढारी, परदेशात राहणारा पैसेवाला, कोणीही, नाव घेतलं की पैसे किंवा भेट मिळते, काही वेळा नुसती मैत्री म्हणूनही घेतात. रेकॉर्डची विक्री नकली प्रतींनी खाल्लेली, त्यामुळे कलाकारांचं बरंचसं पोट यावर. १९९० नंतरच्या काही गाण्यांत इतकी नावं आहेत की मतदार यादी वाटावी. तरी मला त्याचा राग येत नाही. तिथेच 'दगड फोडणं' असाही वाक्प्रचार आहे, त्याचा अर्थ कसंबसं कष्ट करून दिवस काढणं. दगड दोन्हीकडे आहे.

टाळकरी :

अहो ही तर दौलतजादा! तमाशात कोणी पैसे दिले की अमक्या गावच्या तमक्या पाटलांकडून एकशे एक रुपये असं नाव पुकारतातच.

व्याकरणप्रेमी :

दौलतजादा म्हणजे दिलेला पैसा. इथे मुद्दा नावाचा आहे. शिवाय दौलतजादा त्या रात्रीपुरती, रेकॉर्डमधलं नाव कायमचं राहतं. मी नाममुद्रा म्हणणार होतो पण ती कवीची स्वतःची, 'तुका म्हणे' मध्ये तुका स्वतः आहे. हे दुसऱ्याचं नाव.

धागाकर्ती :

हा फरक मला सुचलाच नव्हता, लिहून घेतला. म्हणजे 'पैशातली नाममुद्रा' किंवा असंच काहीतरी समजावताना सांगता येईल पण शब्द म्हणून लिबांगाच ठेवते.

व्याकरणप्रेमी :

मग अनेकवचनाचं लक्षात ठेवा. लिंगालासारख्या बांटू भाषांत वचन शब्दाच्या सुरुवातीला बदलतं, लिबांगाचं अनेकवचन मबांगा. तेव्हा 'मबांगे फेकले' लिहू नका, ते 'पेढेज' म्हटल्यासारखं होईल. 'एक लिबांगा, अनेक मबांगा'. आणि सेबेनचं लिंग काय धरताय? तुम्ही वर 'तो सेबेन' लिहिलंय, माझी तक्रार नाही, फक्त विचारतोय.

धागाकर्ती :

पुल्लिंगीच आपोआप आलं तोंडात. तो गजर, तो ठेका, तो नाच, त्यांच्या रांगेत तो सेबेन. ते सेबेन म्हटलं की कुठलंतरी रसायन वाटतं.

बाकीचे शब्द भराभर सांगते कारण त्यात फारसा वाद नसावा. सुकूस हा फ्रेंच 'सकुए', म्हणजे हलवणं, त्यावरून आलेला, आधी एका नाचाचं नाव होतं, पुढे युरोपात आणि बाहेर सगळ्याच काँगोली संगीताला तेच नाव चिकटलं, खुद्द किन्शासात लोक रुंबाच म्हणतात. तेव्हा मी सरसकट सुकूस लिहिणार नाही. न्दोम्बोलो हा १९९० च्या दशकाच्या शेवटी गाजलेला नाच आणि त्यावरून वेगवान गाण्यांचं नाव, वेंगे म्युझिका हा बँड फुटून त्यातले जे.बी. म्पियाना आणि वेरासोन समोरासमोर उभे राहिले तो काळ. जेनेरिक वाचून औषधं आठवू देऊ नका, फ्रेंचमध्ये सिनेमाच्या सुरुवातीची नामावली म्हणजे जेनेरिक, आणि इथे अल्बममधलं मुख्य नाचाचं, जवळजवळ सगळं सेबेनच असलेलं गाणं. कितोको म्हणजे सुंदर, त्यावरूनच फाली इपुपाने २०१७ च्या अल्बमला 'तोकूस' नाव दिलं. आणि बोलिंगो म्हणजे प्रेम, हा एक शब्द आला की निम्मं गाणं कळल्यासारखं होतं.

राहिला मि-सोलो. यावर मला जरा बोलायचंच आहे कारण माझा सगळ्यात लाडका शब्द हा. एक गिटार साथ धरते, खालची. एक सोलो, वर उंच चमकणारी. या दोघींच्या मध्ये तिसरी, फ्रेंचमध्ये 'मि' म्हणजे अर्धी, ती मि-सोलो. सुरुवातीची दोन वर्षं मला ती ऐकूच यायची नाही, वाटायचं सोलोवालाच खूप हुशार आहे आणि एकटा इतकं वाजवतोय. त्या विद्यार्थ्याने एकदा हेडफोनची एक बाजू माझ्या कानाला लावली आणि टेबलावर बोटाने फक्त मधल्या गिटारचे स्वर वाजवत बसला, टक-टटक-टक, सोलो कुठेही गेली तरी त्याचं बोट हललं नाही. मग एकदम ती वेगळी झाली, जशी गर्दीत आपल्या माणसाची चप्पल ओळखू येते. तेव्हापासून मी गाणं तिच्यासाठीच ऐकते. मराठीत 'मधली' म्हणेन, मधली गिटार, मधल्या सुनेसारखी, घर तीच धरून ठेवते.

माजी किन्शासाकर :

मधली गिटार एकदम पटलं. सत्रात काय काय ऐकवणार आहात? फ्रँकोचं 'मारियो' ठेवाच, १९८५ चं. श्रीमंत वयस्क बाईच्या जिवावर राहणाऱ्या तरुणाची गोष्ट, आणि फ्रँको गातो कमी, बोलतोच जास्त, शेजारचा मामा कान उपटतोय असं. टीपी ओके जाझ हा फ्रँकोचा १९५६ ला सुरू झालेला बँड, त्यांचं ब्रीद होतं, आत येताना ओके, बाहेर पडताना केओ (म्हणजे नॉकआउट).

धागाकर्ती :

मारियो आहेच. शिवाय ग्रां कालेचं 'अँदेपांदांस चा चा', १९६० सालचं, ब्रसेल्सला स्वातंत्र्याची बोलणी चालू असताना तिथेच तयार झालेलं, म्हणजे स्वातंत्र्याची तारीख ठरली आणि गाणं हजर. आणि म्बिलिया बेलचं एक, नुसते पुरुषच ऐकवले तर अर्धंच चित्र दिसेल.

प्रस्तावनेचा पहिला परिच्छेद आता असा केलाय, बघा बरं : "या गाण्यांत सेबेन नावाची एक जागा असते. भजनातल्या गजरासारखी ती माणसाला उभं करते, आणि ठुमरीतल्या लग्गीसारखी गाणं वाद्याच्या हाती देते. सेबेनात शब्द शोधू नका, मधली गिटार शोधा."

व्याकरणप्रेमी :

'सेबेनात' चांगलं. मला वाटलं होतं तुम्ही 'सेबेनमध्ये' करून सामान्यरूप टाळाल. विभक्ती लागली म्हणजे शब्द घरात आला.

धागाकर्ती :

वर धाग्यात सगळीकडे 'सेबेनमध्ये' केलंय मी, आता बदलते हळूहळू.

टाळकरी :

ताई, काल रात्री मुलाला सांगून मारियो लावून घेतलं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा बोलणंच फार वाटलं. दुसऱ्यांदा पाय हलायला लागला. तिसऱ्यांदा हिने दिवा घालवला तरी ऐकत बसलो आणि ती मधली सापडली, डाव्या कानात, अगदी आमच्या दुसऱ्या टाळासारखी. श्रवणसत्राला येऊ का? येताना टाळ आणीन.