विंडसर ९.९९ लाखांत, मग नेक्सॉन ईव्हीला जादा का मोजायचे?
एमजीची विंडसर आणि टाटाची नेक्सॉन या दोन इलेक्ट्रिक गाड्यांची अशी तुलना होते, पण ९.९९ लाख ही एमजीने सप्टेंबर २०२४ मध्ये जाहीर केलेली बॅटरीविना एक्स-शोरूम किंमत होती. तेव्हा बॅटरीचं भाडं किलोमीटरला ३.५ रुपये होतं, वर चार्जिंगची वीज वेगळी. बॅटरीसकट तीच गाडी तेव्हा १३.५० लाखांना होती. फरक ३.५१ लाख, म्हणजे व्याज सोडलं तर साधारण एक लाख किलोमीटरला हिशोब बरोबरीत. नेक्सॉनशी तुलना करायची तर बॅटरीसकटची किंमत धरून करा.

भाड्याच्या योजनेतली किमान किलोमीटरची अट तर कुणी विचारतच नाही. शोरूमवाला ईएमआय घडाघडा सांगतो, हे आपण विचारल्याशिवाय बोलत नाही. समजा महिन्याला १५०० किमीचा किमान आकार असेल, तर गाडी सोसायटीच्या पार्किंगमध्ये धूळ खात उभी असली तरी ३.५ च्या दराने ५,२५० रुपये जाणार. पुण्यात कोथरूड ते डेक्कन एवढंच चालवणाऱ्याला भाड्याची योजना आतबट्ट्याची. आमच्याकडे आईवडील मागे बसतात, त्यामुळे मागे रेलणाऱ्या सीटसाठी मी विंडसरच घेईन, पण बॅटरीसकट.