मदत हवी आहे: जुन्या मोडेमचा वेग ओटीयू-१ मध्ये कसा मोजायचा?

तारजोड
उद्या हिशेब द्यायचाय, म्हणून थेट विचारतो. जुन्या मोडेम लिंक ऑप्टिकलवर न्यायच्या आहेत. ९६००, १४.४ के, ५६ के, तिन्ही आहेत. एका ओटीयू-१ मध्ये (फायबरवरची २.६६६ जीबीपीएसची प्रमाणित चौकट) किती बसतील? कन्व्हर्टर म्हणतो ९६०० बीपीएस म्हणजे ०.०००००३६ ओटीयू-१. उलट भागलं की २,७७,७१४ लिंक, ५६ के च्या ४७,६०८. हेच आकडे क्षमतेच्या रकान्यात टाकू ना?

चौकटमापे
टाकू नका. भागाकार बरोबर आहे, पण २.६६६ जीबीपीएस हा फायबरवरचा वेग आहे, तुमच्या वापरातला नाही. जी.७०९ (ओटीयूचं मानक) ची फ्रेम ४ ओळी × ४०८० स्तंभांची. शेवटचे २५६ स्तंभ एफईसीचे (चूक-दुरुस्ती), सुरुवातीचे १६ ओव्हरहेडचे. उरलेल्या ३८०८ स्तंभांचा वेग भरतो २,४८८.३२ एमबीपीएस, म्हणजे नेमका एक एसटीएम-१६ (एसडीएच या जुन्या ऑप्टिकल पद्धतीतला वेग). त्यातही सुटे बिट कोंबता येत नाहीत. एसटीएम-१६ मध्ये १००८ ई-वन (२.०४८ एमबीपीएसच्या वाहिन्या), प्रत्येकात ६४ केबीपीएसचे ३० स्लॉट. लिंकमागे एक स्लॉट धरला तर ३०,२४०, मग वेग ९६०० असो की ५६ के.

आता सांगा: लिंक एकूण किती? असिंक (वेगळ्या क्लॉकशिवाय) की सिंक (क्लॉकसह)? लीज्ड लाइन की डायल-अप? ऑप्टिकल बॉक्सला क्लायंट पोर्ट कोणते?

तारजोड
सगळं साधं आरएस-२३२ आहे, ९६०० बॉड. मला फक्त आकडा हवाय.

लहरी_२४००
९६०० बॉड (सेकंदाला चिन्हं) मोडेमच्या पोर्टवर. लाइनवर व्ही.३२ चा मोडेम २४०० बॉडनेच बोलतो, प्रत्येक चिन्हात ४ डेटा बिट.

चौकटमापे
मोडेमच काढून टाकणार असतील तर लाइनवरच्या बॉडचा इथे संबंध नाही. वाहायचे बिट पोर्टवरचे. आणि ३० का, हे कोणी विचारण्याआधीच सांगतो: नुसता डेटा असेल तर स्लॉट १६ सिग्नलिंगला लागत नाही, ३१ मिळतात.

नेटकर
एवढा खटाटोप कशाला? सिरियल सर्व्हर लावा, इथरनेट करा, जीबीई (गिगाबिट इथरनेट) थेट ओडीयू-० मध्ये (ओटीयूच्या आतला छोटा डबा). ओटीयू-१ मध्ये दोन बसतात, ओटीयू-२ मध्ये आठ. २०२० नंतर ई-वन मक्स (अनेक लिंक एका ई-वनमध्ये भरणारी पेटी) कोण विकत घेतं?

चौकटमापे
ज्यांच्या लिंकवर मॉडबस आरटीयू (कारखान्यांतल्या उपकरणांचा सिरियल प्रोटोकॉल) आहे ते घेतात. त्यात फ्रेम कुठे संपली हे शांततेवरून कळतं: ३.५ अक्षरांची शांतता, ९६०० वर ११ बिटांच्या अक्षराला सुमारे ४ मिलिसेकंद. फ्रेमच्या आत १.५ अक्षरांपेक्षा, म्हणजे १.७ मिलिसेकंदांहून, मोठी फट पडली की ती फ्रेम टाकून द्यायची असते. सिरियल सर्व्हरने एक फ्रेम दोन पॅकेटांत तोडली की नेमकं हेच होतं.

नेटकर
पॅकिंग टायमर (पॅकेट पाठवण्याआधी थांबायची वेळ) वाढवा, नाहीतर सर्व्हरलाच मॉडबस टीसीपी गेटवे करा. हा सुटलेला प्रश्न आहे.

चौकटमापे
मॉडबसपुरता सुटतो. सिंक्रोनस लिंकवर क्लॉकही पलीकडे न्यावा लागतो, तिथे टायमर कामाचा नाही.

जुनाडायल
५६ के ला पूर्ण वेग मिळत नसेल तर इनिट स्ट्रिंगने (मोडेमच्या सुरुवातीच्या आज्ञा) व्ही.९० (५६ के चं मानक) बंद करून पाहा, व्ही.३४ वर ३३.६ स्थिर मिळतो. ५६ के फक्त डाउनस्ट्रीमला असतो, तोही एक टोक थेट डिजिटल असेल तर. दोन अॅनालॉग मोडेममध्ये कधीच नाही.

लहरी_२४००
वेग वाढवायचं कोणी विचारलेलं नाही, पण मुद्दा लागू आहे. तारजोड, लाइन लीज्ड असेल तर ५६ के कसा? ते डीएसयू (डिजिटल लाइनच्या टोकाचं उपकरण) असलेलं डिजिटल सर्किट असणार, म्हणजे सिंक्रोनस.

तारजोड
हो, डीएसयूच आहे, चार सर्किट. ९६०० च्या २८, १४.४ च्या १०. एकूण ४२. ९६०० सगळ्या मॉडबस, ८-ई-१. बॉक्सला एसटीएम-१ आणि जीबीई पोर्ट आहेत.

चौकटमापे
हे आधी हवं होतं. एक्स.५० ने (छोटे वेग एका ६४ के स्लॉटमध्ये गुंफायचं मानक) एका स्लॉटमध्ये पाच ९६०० बसतात: २८ ला ६ स्लॉट. १४.४ ला १०, ५६ के ला ४. एकूण २०, म्हणजे अख्खं काम एका ई-वनमध्ये. ते एसटीएम-१ मध्ये (त्यात ६३ ई-वन मावतात), तो जीएमपीने (भरायची पद्धत) ओडीयू-० मध्ये. रकान्यात लिहा: निम्मा ओटीयू-१ राखीव, ६३ पैकी १ ई-वन वापरात.

दोन ठिकाणी फसाल. एक, क्लॉक: एका टोकाचा मक्स मास्टर, दुसरा लूप टायमिंगवर (समोरून आलेल्या क्लॉकवर). दोन्ही आपापल्या क्लॉकवर ठेवले आणि एक +५०, दुसरा −५० पीपीएमला (दहा लाखांत ५०) गेला, तर दर सव्वा सेकंदाला एक स्लिप (एक फ्रेम गळते किंवा दुबार येते). दोन, एक्स.५० ला सिंक्रोनस डेटा लागतो, म्हणून असिंक पोर्टवर व्ही.१४ (असिंक अक्षरं सिंकमध्ये बसवणारं मानक) चालू करा आणि अक्षराची लांबी दोन्ही टोकांना ११ ठेवा. ८-ई-१ म्हणजे स्टार्ट, आठ डेटा, पॅरिटी, स्टॉप. १० राहिली तर लिंक चालू दिसेल आणि प्रत्येक उत्तर सीआरसीवर (चूक-तपासणी) पडेल.

नेटकर
तरी एका ई-वनसाठी एसटीएम-१ चा एडीएम (ई-वन आत-बाहेर काढणारी पेटी) म्हणजे अतीच. जीबीई पोर्टवर एसएटीओपी (ई-वन पॅकेटांतून नेणं) चालेल.

चौकटमापे
चालेल, पण मग क्लॉक अॅडॅप्टिव्ह होतो, म्हणजे पॅकेटांच्या येण्यावरून अंदाजाने काढला जातो. सिंक-ई (इथरनेटवरूनच क्लॉक देणारी सोय) दोन्ही टोकांना आहे का ते आधी बघा. तारजोड, बॉक्सचं जीबीई कार्ड सिंक-ई देतं का?