शब्दचर्चा : बांधलेला भाव, रास्त भाव आणि 'कंट्रोल'

आर्वीकर : गावच्या वाचनालयात स्पर्धा परीक्षेच्या पोरांसाठी टिपण करायचं आहे. विषय झिंबाब्वे (२००७-०८) आणि व्हेनेझुएला. 'प्राइस कंट्रोल'ला कोशात 'मूल्यनियंत्रण' दिलं आहे, पोरांच्या डोक्यावरून जाते. 'हमीभाव' लिहिलं तर चालेल का? आणि 'हायपरइन्फ्लेशन'ले नुसती 'महागाई' म्हणावं का?

तिवसेकर : हमीभाव अजिबात नको भाऊ, अर्थ उलटा होते. हमीभाव म्हणजे ह्याच्या खाली घेणार नाही, आणि तिकडचा भाव म्हणजे ह्याच्या वर विकशील तर आत टाकीन. एक बुड, एक झाकण. जुना शब्द आहेच, 'भाव बांधून देणे'. टिपणात 'बांधलेला भाव' लिहा.

वणीकर : आपल्याकडे त्यालाच 'कंट्रोल' म्हणतात की. आजही म्हातारे 'कंट्रोलची साखर', 'कंट्रोलमधून गहू आणला' असंच बोलतात. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात नियंत्रण आलं, रेशन आलं, आणि नियंत्रणाचं नाव दुकानाला चिकटलं.

तिवसेकर : म्हणूनच तो शब्द टाळा. पोरगं 'कंट्रोल' वाचते आन् त्याच्या डोळ्यापुढे रेशनचं दुकान येते. घोटाळा तिथंच आहे. व्हेनेझुएलात जानेवारी २०१४ मध्ये मादुरो सरकारनं जो कायदा आणला, त्याच्या स्पॅनिश नावाचा शब्दशः अर्थ 'रास्त भाव कायदा'. आपल्या रेशनच्या दुकानावर पाटी असते 'रास्त भाव दुकान'. शब्द तोच, व्यवहार वेगळा. आपल्याकडे सरकार स्वतः धान्य विकत घेते, स्वस्तात किंवा फुकट देते, मधला फरक खजिन्यातून भरते. तिथं फरक दुकानदारानं आणि कारखानदारानं भरायचा. टिपणात एकच प्रश्न टाका : फरक कोण भरते?

आर्वीकर : पण त्या कायद्यात ३० टक्के नफा घ्यायची मुभा होती ना? मग दुकानदार बुडते कसा?

पुसदकर : पडतळ काढून पाहा, कळेल. महागाई महिन्याला ५० टक्के धरू. फिलिप केगन या अर्थतज्ज्ञानं १९५६ मध्ये 'हायपर' म्हणायला हीच रेषा धरली होती. दुकानात १० कट्टे (पोती), कट्टा १०० ला घेतलेला. ३० टक्के चढवून १३० ला विकला, गल्ल्यात १,३०० आले. महिन्यानं ठोक भाव १५०. १,३०० भागिले १५०, म्हणजे पावणेनऊही कट्टे भरत नाहीत. वहीत नफा ३०० आणि दुकानातून सव्वा कट्टा गायब. हेच सहा महिने चाललं तर १० चे सव्वाचार राहतात. यात भाडं, हमाली, फुटतूट धरलीच नाही. म्हणून टिपणात दोन शब्द वेगळे ठेवा : 'खरेदी किंमत' आणि 'पुन्हा भरायची किंमत'. सरकारी तपासनीस पहिलीची पावती मागते, दुकान जगते दुसरीवर.

वणीकर : झिंबाब्वेत तर नफ्याचीही मुभा नव्हती. जून २००७ मध्ये मुगाबे सरकारनं फर्मान काढलं की भाव निम्म्यावर आणा. पोलीस आणि तपासणी पथकं दुकानोदुकानी फिरली, हजारो व्यापारी धरले. पहिले काही दिवस लोकांनी स्वस्तात उचल उचल केली, मग फळ्या रिकाम्या. कारखान्याला कच्चा माल बांधलेल्या भावात मिळत नव्हता, डिझेलला परकी चलन लागे. जुलै २००८ चा वार्षिक महागाईचा अधिकृत आकडा २३ कोटी १० लाख टक्के. जानेवारी २००९ मध्ये १०० लाख कोटी झिंबाब्वे डॉलरची नोट निघाली, एकावर चौदा शून्यं. त्याच वर्षी परकी चलनात व्यवहार खुला केला, तेव्हा माल परत दिसू लागला.

पुसदकर : याला 'महागाई' म्हणणं अपुरं आहे. महागाईत वस्तू चढते, इथं पैसाच पडते. 'चलनाची घसरगुंडी' मला जवळचा वाटतो. पाठ्यपुस्तकी 'अतिचलनवाढ' कंसात द्या.

आर्वीकर : शेतकऱ्याचं काय? पोरं तेच विचारतील.

तिवसेकर : त्यासाठी आपला 'चुकारा' (विकलेल्या मालाचे शेतकऱ्याच्या हाती पडणारे पैसे) शब्द वापरा, पोरं लगेच धरतील. झिंबाब्वेत २००१ पासून मका आणि गहू सरकारी धान्य मंडळालाच विकायची सक्ती होती. महिन्याला ५० टक्क्यांच्या हिशेबानं चुकारा तीन महिने लांबला तर रुपयातले ३० पैसेच हातात पडतात. भाव कागदावर पूर्ण, चुकाऱ्यात मेला. मग माल दुसऱ्या वाटेनं जाणारच. आपल्याकडं १९७२-७३ पासून कापूस एकाधिकार (कापूस सरकारलाच विकायची सक्ती) होता, तेव्हा बाहेर भाव चढला की कापूस आंध्रात, मध्य प्रदेशात निघून जायचाच. मात्र आपल्याकडं चलन कोसळलं नव्हतं आणि निवडणुका होत होत्या, तुलना तेवढ्यापुरतीच.

वणीकर : त्यावरून आठवलं, 'एकाधिकारशाही' लिहू नका. विदर्भात 'एकाधिकार' म्हणजे कापूस फेडरेशन. 'हुकूमशाही' सरळ लिहा.

पुसदकर : पळवाटांसाठीही शब्द लागतील. व्हेनेझुएलात साध्या पांढऱ्या तांदळाचा भाव बांधला होता, चव लावलेल्या तांदळाचा नव्हता. गिरण्या तिकडं वळल्या. मग २००९ मध्ये चावेझ सरकारनं साधा तांदूळ किती काढायचा हेही ठरवून दिलं आणि एक गिरणी ताब्यात घेतली. गोंदियात तांदळाचा भाव बांधून मुरमुरे मोकळे सोडले तर काय होईल, तसंच. एक भाव बांधला की शेजारचा बांधावा लागते.

आर्वीकर : आणि रांगेत उभं राहून बांधलेल्या भावाचा माल घ्यायचा, बाहेर चौपट विकायचा, त्यांना? 'काळाबाजारवाले'?

पुसदकर : तिकडं त्यांना 'बाचाकेरो' म्हणतात. 'बाचाको' ही पानं तोडून वारुळात नेणारी मोठी मुंगी. थोडं थोडं, पण अखंड ओढणारी. साठेबाज वेगळा, त्याच्याकडं गोदाम असते. याच्याकडं पिशवी.

वणीकर : मग 'मुंगळे' लिहा.

आर्वीकर : 'मुंगळे' घेतो. 'बांधलेला भाव', 'पुन्हा भरायची किंमत', 'चुकारा' हेही. 'रास्त भाव' अवतरणचिन्हात.

तिवसेकर : अवतरणात टाकून पुढे एक ओळ लिहा : फरक दुकानदाराच्या माथी.